चैतू अजून खाली

तपकीर गल्लीत शिरले आणि पाऊस आला. श्रावणातला, मिनिटभर येऊन जाणारा... पण माझ्या हातात चादरीत बांधलेला बाबांचा कॉम्प्युटर होता, आणि त्याची वाट लावायला एक मिनिटही पुरेसं होतं. समोर जे दुकान दिसलं त्याच्या पत्र्याखाली मी घुसले.

“आत यायला तिकीट नाही,” मागून आवाज आला.

वळून पाहिलं. माझ्याच वयाचा, तिशी ओलांडलेला एक माणूस. कानामागे पेन्सिलीसारखा खोचलेला स्क्रू-ड्रायव्हर, चष्मा कपाळावर. त्याच्या डोक्यावर पाटी : ‘घाई असेल तर नवीन घ्या.’

“मी फक्त पाऊस थांबेपर्यंत —”

“तो थांबेल तेव्हा थांबेल. गाठोड्यात काय आहे? झोपलेलं मूल धरावं तसं धरलंय.”

“कॉम्प्युटर.”

“वय?”

“तेवीस.”

“म्हणजे मतदान करत असेल.”

मला हसू आलं आणि लगेच धसका बसला. गेल्या सहा महिन्यांत हसू आलं की असंच व्हायचं. काहीतरी गॅसवर ठेवून विसरल्यासारखं.

आधीच्या दोन दुकानांनी ‘भंगारात घाला’ म्हणून सांगितलं होतं. हा तसं म्हणाला नाही. गाठ सोडली, चष्मा खाली ओढला आणि डबा उघडून आत डोकावला.

“मला मशीन नकोय,” मी म्हणाले. “आतला एक गेम हवाय. बाबांचा.”

“मग बाबांनाच पाठवायचं ना. जुन्या मशीनवर बोलायला माणसं मिळत नाहीत हल्ली.”

“ते गेले. माघात.”

तो थांबला. ‘सॉरी’ म्हणाला नाही, ‘कसे’ म्हणून विचारलं नाही. टेबलफॅन तेवढा पलीकडे वळवला, आतली धूळ माझ्यावर उडू नये म्हणून. मग म्हणाला, “बसा. तो स्टूल डगमगतो, तो माझा. तुम्ही हा घ्या.”

त्याचं नाव सलिल. तासाभरात त्याने आतला एक जळका भाग बदलला, काहीतरी दहा मिनिटं चालू ठेवलं, आणि मशीन घरघर करत जागं झालं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. ती अक्षरं मी लहानपणापासून बाबांच्या खांद्यावरून पाहिली होती. समोरून पहिल्यांदाच पाहत होते.

बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली आणि रविवारच्या दुपारी या एका गेममध्ये. दहा मजल्यांचं तळघर. सहा जणांचं पथक घेऊन खाली उतरायचं, राक्षसांशी लढायचं, वाटेचा नकाशा आपणच कागदावर काढत जायचा. जो मरेल तो तिथेच पडून राहतो, दुसरं कोणी जाऊन उचलून आणेपर्यंत. वर गावात एक देऊळ असतं. तिथला पुजारी मेलेल्याला उठवून बघतो. उठला तर उठला, नाहीतर त्याची राख होते. राखेवर आणखी एकच प्रयत्न. तोही फसला की यादीतून नाव पुसलं जातं. कायमचं.

पडद्यावर सहा नावं होती. बापूराव, यमुना, माऊली, बजरंग — ही आमच्या परभणीकडच्या घरातली माणसं. पाचवा चोर होता, कुलपं उघडणारा. त्याचं नाव ‘साहेब’. कुठल्या साहेबावरून ते बाबांनी कधी सांगितलं नाही. हे पाच गावात होते, धडधाकट. सहावं नाव खाली, वेगळ्या रंगात. चैतू. सामुराई. मृत.

“बिलावर नाव काय टाकू?” सलिलने विचारलं.

“चैताली.”

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग हा चैतू...”

“मीच.”

नऊ वर्षांची असताना मी म्हटलं होतं, मला तलवारवाला सामुराई हवा. पण सामुराई मागून मिळत नाही. गेम फासे टाकतो. ताकद, बुद्धी, चपळाई, सगळेच आकडे वरचे पडले तरच सामुराई होता येतं. बाबा कितीतरी रविवार एकच बटण दाबत बसले होते. एके दिवशी आतून ओरडले, ‘चैतू, मिळाला!’ मी मैत्रिणीबरोबर पत्ते खेळत होते. म्हटलं, ‘नंतर बघते.’ पुढची बावीस वर्षं तो सामुराई त्यांनीच सांभाळला.

हे सगळं मी सलिलला सांगितलं नाही. पिशवीतून बाबांची आलेखाची वही काढून शेवटचं पान तेवढं उघडलं. जानेवारीतली तारीख, त्यांचं सरळ उभं अक्षर : ‘सहाव्या मजल्यावर पथक फुटले. पाच जण वर आणले. चैतू अजून खाली.’

त्यानंतरचा रविवार त्यांनी हॉस्पिटलात काढला होता.

सलिलने ती ओळ वाचली. बराच वेळ वाचली. “आणायचा?”

“मला खेळता येत नाही.”

“मला येतो. म्हणजे... लहानपणी यायचा. पण गेमची फाईल कॉपी करून ठेवलेली बरी. काही फसलं तर परत —”

“नको.” मी वहीचं पहिलं पान त्याच्यासमोर धरलं. ‘नियम १ : कॉपी ठेवायची नाही. नियम २ : नियम १ बघा.’

तो हसला, मग एकदम हसायचा थांबला. मशीनकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि म्हणाला, “बरं.”

“घरी नेऊ ना मशीन?”

“हार्डडिस्क म्हातारी आहे. बसमध्ये हादरली तर गेली. इथेच खेळा. रविवारी दुकान बंद असतं, शटर अर्धं वर ठेवीन.”

“तुमची सुट्टी वाया जाईल.”

“रविवारी मी काय करतो? वरणभात आणि झोप. झोप कमी करीन.”

*

पुढचे रविवार मी कात्रजहून बसने स्वारगेटला, तिथून चालत तपकीर गल्लीत, आणि वाकून त्या अर्ध्या शटरखालून आत जात राहिले. डावीकडे सलिल, डगमगत्या स्टुलावर, मांडीवर बाबांची वही. उजवीकडे मी. बटणं मी दाबायची.

“तुम्ही दाबा ना,” मी पहिल्या दिवशी म्हणाले.

“तुमचा सामुराई, तुमचं बोट. पुढे तीन पावलं, मग डावीकडे दार.”

प्रत्येक दाराशी माझं बोट अधांतरी थांबायचं. त्या पाच जणांतला एकेक बाबांनी वाढवलेला होता. कोणी मेलं असतं तर माझ्या हातून मेलं असतं. सलिल घाई करायचा नाही. नुसता वाट बघायचा. एकदाच म्हणाला, “दार आहे ते. लग्नाची बोलणी नाहीत. उघडा.”

“दोन्हीकडे आत काय निघेल सांगता येत नाही.”

“अनुभव आहे वाटतं?”

“कांदेपोह्यांचे चार कार्यक्रम झाले.”

“त्यातले राक्षस किती?”

“तीन. चौथा मितभाषी होता.”

“मितभाषी म्हणजे कसा?”

“आईने विचारलं, चहा की कॉफी. तो म्हणाला, ‘आईला विचारतो.’ त्याच्या.”

सलिल इतका हसला की त्याचा स्टूल एका पायावर गेला, आणि मी त्याचा दंड धरला. धरला, आणि मग सोडायचा कधी ते कळेना. त्यानेच हळूच वही सावरली. मी दार उघडलं. आत काहीच नव्हतं.

तो समोरच्या टपरीवरून चहा आणायचा. कपांना तडे गेले असतील तर चांगला कप माझ्याकडे सरकवायचा, मी बघत नाही असं समजून. वहीची पानं बोट न टेकवता, कडेला धरून उलटायचा. एकदा म्हणाला, “यांनी मला एकदा तरी रागवायला हवं होतं असं वाटतं. हे अक्षर बघून.”

“रागवत नसत. फक्त ‘पुन्हा काढ’ म्हणायचे.”

“ते जास्त वाईट.”

“हो,” मी म्हणाले. बाबांबद्दल बोलताना मला पहिल्यांदाच आवाज जपावा लागला नाही.

तिसऱ्या रविवारी मशीनची घरघर थांबलेली होती. पंखा अगदी नव्यासारखा, गुळगुळीत चालत होता. म्हणजे मशीन आता घरी नेण्यासारखं झालं असावं. मी काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही.

चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की मी पथकाला गरज नसताना विश्रांती देतेय. दोन वेळा उगीच वर गावात आणलंय. चैतू वर आला की या कामाच्या बाकाशी माझं काही काम उरणार नव्हतं. तिकडे बाबांचा सामुराई अंधारात पडलाय, आणि मी इथे चहा लांबवतेय... त्या दिवशी बसमध्ये मला बसायला जागा मिळाली तरी मी उभीच राहिले.

पाचव्या रविवारी आम्ही सहाव्या मजल्यावर पोचलो.

तिथे एक पट्टा काळोखाचा आहे. त्यात शिरलं की पडद्यावर काहीच दिसत नाही, भिंतसुद्धा नाही. आकड्यांवरून चालायचं. बाबांनी समासात लिहिलं होतं, ‘जाताना डावा काठ धरावा, उजवीकडे खड्डे.’ आम्ही डावीकडची भिंत धरून चाललो. अठरा पावलं. काळोख संपला, आणि पडद्यावर ओळ आली : इथे कोणी पडलं आहे.

मी बटण दाबलं. पथकाच्या यादीतली रिकामी सहावी ओळ भरली.

“आली,” सलिल हळूच म्हणाला. मी इतके दिवस ‘तो सामुराई’ म्हणत होते. त्याने ‘आली’ म्हटलं.

परतीची ओळ खालीच होती. ‘परतताना डावा काठच धरावा.’ आम्ही वळलो, काळोखात शिरलो आणि डावीकडची भिंत धरली. चौथ्या पावलाला पथक खड्ड्यात पडलं. वर येऊन दोन पावलं, पुन्हा खड्डा. बजरंगकडे जिवाचे तीन आकडे उरले, यमुनाकडे पाच. माझं बोट पुढच्या बटणावर होतं —

“थांबा!” सलिलने माझं मनगट धरलं. “आणखी एक खड्डा, आणि सगळे जातील.”

पडदा काळाच होता. त्याचा हात माझ्या मनगटावर, आणि माझी नाडी त्याच्या बोटांत. ती त्याला नक्की कळत असणार.

“वहीत चुकलं असेल,” तो म्हणाला. “घाईत लिहिलं असेल एखाद्या वेळी...”

“बाबा चुकत नाहीत.” माझा आवाज मलाच धारदार वाटला. त्याने हात काढून घेतला. गेम जिथल्या तिथे बंद करता यायचा. आम्ही तो बंद केला. सहाही जण काळोखात उभे. पाच उभे, एक पाठीवर.

*

स्वारगेटला कात्रजची बस लागलेली नव्हती. थांबवेना म्हणून मी पर्वतीच्या बाजूला चालत सुटले. लहानपणी आम्ही तिथल्या पायथ्याशी भाड्याने राहायचो. मागे मुठेचा उजवा कालवा. त्या दिवशी पाणी सोडलेलं होतं, भरून, मातकट, सावकाश चाललेलं. दोन्ही बाजूंना कपडे वाळत घातलेले. मी काठाने चालत राहिले, आणि मनात तेच — डावीकडे भिंत, चार पावलं, खड्डा. बाबा चुकले. पहिल्यांदाच चुकले, आणि आता ‘पुन्हा काढा’ म्हणावं तर तेही नाहीत.

मग मला एक खेळ आठवला. संध्याकाळी बाबा इथे मला फिरायला आणायचे आणि मध्येच विचारायचे, ‘आपण कुठल्या काठावर?’ जाताना मी बरोबर सांगायचे. परत येताना हमखास चुकायचे, कारण हात बदललेला असायचा. ते खांदे धरून मला वळवायचे. ‘पाणी कुठे चाललंय? तिकडे तोंड कर. डाव्या हाताला तो डावा काठ, उजव्या हाताला तो उजवा. मग तू उलटी चाल, नाहीतर झोपून जा. तू पाठ फिरवलीस म्हणून काठ बदलत नाही, बाळा.’

काठ. त्यांनी ‘बाजू’ नाही, ‘काठ’ लिहिलं होतं. चाळीस वर्षं कालव्यांवर काढलेला माणूस तळघराच्या वाटेलाही प्रवाह मानून चालला होता. वाट खाली वाहते. तर डावा काठ जाताना डाव्या हाताला, आणि परतताना —

मी तिथेच फोन लावला. त्याला फोन करायची ही पहिलीच वेळ.

“सलिल, उजवा हात! परतताना उजव्या हाताची भिंत! काठ आहे तो, हात नाही!”

“...अहो, कोण बोलतंय?”

“मी! चैताली!” मग मी सगळं सांगितलं, कालवा, पाणी, बाबा, श्वास न घेता.

“किती आनंदाने चूक सांगता हो तुम्ही,” तो म्हणाला. “मला शाळेत अशा बाई मिळायला हव्या होत्या.” आणि जरा थांबून, “सॉरी. त्यांचं चुकलं म्हणालो.”

*

सहाव्या रविवारी आम्ही उजव्या हाताची भिंत धरून उरलेली बारा पावलं चाललो. एकही खड्डा लागला नाही. मजल्यामागून मजला चढत वर आलो, गावात, देवळात. पुजाऱ्याने विचारलं, कोणाला उठवायचं? मी नाव निवडलं.

सलिल म्हणाला, “दाबा.”

मी दाबलं. पडदा क्षणभर थबकला. मग एकच शब्द.

राख.

बाहेर गल्लीत कोणी मांडवाचे बांबू उतरवत होतं. एकेक बांबू रस्त्यावर आपटत होता. मला फक्त तो आवाज ऐकू येत होता.

“चैताली.” त्याने मला नावाने पहिल्यांदा हाक मारली, आणि ती अशा वेळी. “अजून एक संधी आहे. आणि ती गेली तरी... माझ्याकडे कॉपी आहे.”

मी त्याच्याकडे बघितलं.

“पहिल्या दिवशीची. तुम्ही नको म्हणालात त्याच्या आधीच काढून झाली होती. बाकावर मशीन आलं की हात आधी तेच करतो, सवय आहे. सांगणार होतो, तेवढ्यात तुम्ही तो नियम दाखवलात. मग... सांगवेना. पुढच्या रविवारी आला नसतात, अशी भीती वाटली.”

“म्हणजे इतके रविवार,” मी म्हणाले, “प्रत्येक दाराशी... घाबरत होते ती फक्त मीच?”

मी वही उचलली, वाकून शटरखालून बाहेर आले. त्याने हाक मारली असती तर थांबले असते का, माहीत नाही. त्याने मारली नाही.

*

आई शेंगा सोलत बसली होती. “आज लवकर? मेला का तुझा लढवय्या?”

“राख झाली.”

आईचा हात थांबला. तिला हा गेम कधी आवडला नाही; पण बाबांचं कॉम्प्युटरचं टेबल ती अजून रोज पुसते. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. कॉपीचंही. कॉपी करणाऱ्याचं जरा जास्तच.

“मग वापर ना ती कॉपी. एवढी रडवेली कशाला?”

“बाबा ठेवत नसत.”

“तुझे बाबा?” आई हसली. “रेशनकार्डाच्या अकरा झेरॉक्स आहेत कपाटात. गॅसबुकाच्या सहा. लग्नपत्रिकेच्या — आपल्याच — दोन. मी विचारलं होतं एकदा, एवढं सगळं जपता, मग त्या खेळाचीच का नाही ठेवत? म्हणाले, कॉपी असली की मी नीट बघून पाय टाकत नाही.” तिने एक शेंग फोडली. “आणि हा मुलगा काय करतो म्हणालीस?”

“काही नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करतो.”

“सहा रविवार एकच कॉम्प्युटर?”

मी शेंगा सोलायला घेतल्या.

त्या आठवड्यात मी तीनदा मेसेज लिहिला आणि तीनदा पुसला. त्याचाही आला नाही. मला राग होता, पण तो बुधवारपर्यंतच टिकला. मग नुसती भीती उरली, आणि भीती तरी नक्की कशाची? चैतूचं नाव पुसलं जाण्याची, की रविवारी गल्लीत वळल्यावर शटर खालपर्यंत ओढलेलं दिसण्याची? दोन्हींमधली मोठी कुठली, हे मी स्वतःला विचारलं नाही. बाबांच्या वहीशी बेइमानी झाल्यासारखं वाटलं असतं.

रविवारी गल्लीत वळले. शटर अर्धं वर होतं.

सलिल बाकाशी उभा होता. दाढी वाढलेली. दोन्ही स्टूल जागेवर. मी पिशवी खाली ठेवायच्या आत तो म्हणाला, “कॉपी पुसली. सोमवारीच. सगळीकडून.”

“मी सांगितलं नव्हतं पुसायला.”

“नाही. पण तुम्ही जे म्हणालात ना, फक्त तुम्हीच घाबरत होता... ते खरं होतं. आणि ते बरोबर नव्हतं.” त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, काच आधीच स्वच्छ होती. “आता ही एकच. गेली तर गेली. सहा दिवस झोप नाही मला. वरणभातसुद्धा जात नाही.”

“घाबरलात?”

“भयंकर.”

माझ्या छातीत माघापासून काहीतरी आवळून बसलं होतं. ते सुटलं नाही. पण त्याला कोणीतरी दुसऱ्या बाजूने हात लावल्यासारखं झालं. जड सामान जिन्यावरून नेताना होतं तसं.

मी बसले. तो बसला, स्टूल डगमगला. देऊळ उघडलं. पुजाऱ्याने विचारलं, कोणाला? यादीत एकच नाव होतं. चैतू. सामुराई. राख.

“तुमचं बोट,” तो म्हणाला. सवयीने.

“दोघांचं.”

त्याने माझ्या बोटावर बोट ठेवलं. त्याचं माझ्याहून गार होतं. बाबा कितीतरी रविवार हेच बटण दाबत बसले होते, मला हवं ते मिळावं म्हणून. तेव्हा बाहेर पत्ते खेळत बसले होते मी. आता इथे होते.

दाबलं.

पडदा थबकला. एक... दोन... पंखा गुळगुळीत फिरत होता. सलिलने डोळे मिटले होते, हे मला नंतर कळलं, कारण ओळ आली तेव्हा तो विचारत होता, “काय? काय आलं?”

मी पडद्याकडे बोट केलं.

चैतू. सामुराई. जीव : १.

“एकच आहे,” तो म्हणाला.

“एक पुरे.”

मी बाबांची वही उघडली. ‘चैतू अजून खाली’ या ओळीखाली आजची तारीख घातली आणि माझ्या तिरक्या अक्षरात लिहिलं, ‘चैतू वर आली.’ ते बघून बाबा ‘पुन्हा काढ’ म्हणाले असते. मी पुन्हा काढलं नाही.

मग काही काम उरलं नाही. दोघंही पडद्याकडे बघत बसलो.

“मशीन आता घरी नेलंत तरी चालेल,” सलिल म्हणाला. “खरं तर तिसऱ्या रविवारीच —”

“माहीत आहे. पंख्याचा आवाज बदलला होता.”

तो वळला. “माहीत होतं? आणि तरी बसने...”

“आणि तरी.”

कानामागचा स्क्रू-ड्रायव्हर त्याने काढला, परत खोचला. मग बाकाखालून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. आलेखाची नवी वही, अप्पा बळवंत चौकातली, अजून किमतीचं लेबल लागलेली. “सोमवारीच घेतली. कॉपी पुसली, त्या दिवशी. चैतू उठेल की नाही माहीत नव्हतं. म्हटलं... सातवा मजला कोणीच काढलेला नाही. दहा आहेत.”

मी पहिलं पान उघडलं. कोरं, निळ्या बारीक चौकटींचं. पेन्सिल घेतली. बाबा प्रत्येक नकाशावर आधी प्रवाहाचा बाण काढायचे.

“प्रवाह कुठल्या दिशेला धरायचा?”

“तू जाशील तिकडे,” तो म्हणाला. ‘तू’ म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचे कान लाल झाले. दुरुस्त मात्र केलं नाही.

मी बाण काढला. “आणि तू? कुठल्या काठाला?”

“डाव्या. जरा लांबून, लिहिताना तुझं कोपर लागतं.”

“लागू दे,” मी म्हणाले, आणि माझा स्टूल त्याच्याकडे सरकवला.